पांढरी गोटी, काळी गोटी: ग्रीकांच्या लेखी लोकशाही म्हणजे काय होतं

पालिकेच्या निवडणुका जवळ आल्या की आपल्याकडे आधी आरक्षणाची सोडत निघते. नाट्यगृहाचं व्यासपीठ, त्यावर पारदर्शक ड्रम, शाळेच्या गणवेशातलं एखादं पोर, त्याने हात घालून काढलेली चिठ्ठी आणि खाली खुर्च्यांवर जीव मुठीत धरून बसलेले इच्छुक. प्रभाग महिलांसाठी गेला की कुणाचा चेहरा पडतो, कुणी तिथूनच बायकोला फोन लावतो. या सगळ्याकडे आपण मतदानाआधीची किरकोळ कटकट म्हणून बघतो. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात दोघांना सारखी मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठीने ठरवावा लागला, तेव्हा त्याची बातमी झाली ती गंमत म्हणूनच.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सकराला यात गंमत वाटली नसती. तो उलट विचारता झाला असता, की चिठ्ठी हाताशी असताना तुम्ही मतदान कशाला घेता? त्याच्या हिशेबाने चिठ्ठी टाकून माणसं नेमणं ही लोकशाही, आणि मतं देऊन माणसं निवडणं ही मूठभर बड्यांच्या राज्याची रीत. ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'च्या चौथ्या भागात हे जवळपास अशाच शब्दांत लिहून ठेवलंय. तेही नवा शोध लावल्याच्या थाटात नाही, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट जाता जाता सांगावी तसं.

ग्रीक राजकीय विचार म्हटलं की आपल्याला आठवतो तो परीक्षेसाठी पाठ केलेला तक्ता. एकाचं राज्य, थोड्यांचं राज्य, अनेकांचं राज्य. प्रत्येकाचं एक चांगलं रूप, एक बिघडलेलं. तक्ता खोटा नाही, पण त्यातून भांडण कळत नाही. भांडण वेगळंच होतं, आणि ते दोन शब्दांत मावतं: कसब की वाटा? राज्य चालवणं हे सुतारकामासारखं, वैद्यकीसारखं शिकून घ्यायचं कसब असेल, तर ते ज्याला येतं त्याच्याच हाती द्यायला हवं. पण राज्य हा वडिलोपार्जित जमिनीसारखा सगळ्या भावांचा सामाईक मामला असेल, तर कुणाला किती येतं हा प्रश्नच गौण. प्रत्येकाचा त्यात वाटा आहे आणि तो आळीपाळीने त्याच्याकडे यायलाच हवा. अथेन्सचा सगळा कारभार वाट्यावर उभा होता. अथेन्सच्या बहुतेक नामवंत तत्त्वज्ञांचा कल कसबाकडे. ग्रीकांचं राजकीय तत्त्वज्ञान मुख्यतः लोकशाहीवर नाराज असलेल्यांनी लिहिलंय, आणि लोकशाहीवाल्यांना लिहायला फारशी सवड नव्हती, कारण ते कारभार करत होते.

तो कारभार कसा चाले ते जवळून बघण्यासारखं आहे.

अथेन्सच्या जुन्या बाजारचौकात, म्हणजे अगोरात, आज एक संग्रहालय आहे. तिथे एका संगमरवरी शिळेचा तुकडा ठेवलाय. शिळेवर ओळींमागून ओळी बारीक खाचा, पातळ पट्टी सरकेल एवढ्याच. हे क्लेरोतेरिऑन, चिठ्ठ्या काढायचं यंत्र. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात कोर्टाच्या दिवशी सकाळी लोक आपापली पट्टी घेऊन येत. पट्टी काशाची, पुढे लाकडाची, तिच्यावर स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव. पट्ट्या खाचांत बसवल्या जात. शिळेच्या कडेला एक उभी नळी असे, तिच्यात वरून काळ्या-पांढऱ्या गोट्या मिसळून ओतायच्या आणि खालून एकेक सोडायची. पांढरी निघाली की पहिली अख्खी आडवी ओळ आज पंच म्हणून बसणार. काळी निघाली की अख्खी ओळ पट्ट्या घेऊन घरी. मग दुसरी ओळ, दुसरी गोटी.

एवढ्यावर भागत नसे. निवड झालेला माणूस मग अक्षर कोरलेली एक गोळी काढी, त्या अक्षरावरून त्याचं कोर्ट ठरे, आणि त्या कोर्टाच्या रंगाची काठी त्याच्या हातात दिली जाई. म्हणजे तो दुसऱ्याच कोर्टात घुसला तर काठीच्या रंगावरून लगेच सापडे. एवढा खटाटोप कशासाठी? तर कुठल्या खटल्याला कोण पंच बसणार हे सकाळपर्यंत कुणालाच कळू नये म्हणून. पैसे चारायचे तर ते चारायचे कुणाला? खटल्यांना २०१, ४०१, ५०१ असे पंच बसत. वर कायदा समजावून सांगणारा न्यायाधीश नाही. निकालासाठी प्रत्येकाला काशाच्या दोन चकत्या मिळत. चकतीच्या मधून आरपार छोटी दांडी, एकीची पोकळ, दुसरीची भरीव. पोकळ वादीला, भरीव प्रतिवादीला. दांडीची दोन्ही टोकं अंगठ्याने आणि बोटाने दाबून धरली की शेजाऱ्याला काही दिसत नाही. हा सगळा तपशील आपल्याला मिळाला तो ॲरिस्टॉटलच्या किंवा त्याच्या एखाद्या शिष्याच्या हातच्या पुस्तकामुळे. इजिप्तमध्ये पपायरसवर ते सापडलं आणि १८९१ साली छापून आलं.

कोर्टच कशाला, शहराचा रोजचा गाडाही चिठ्ठीवर चाले. रस्त्यांवर देखरेख करणारे दहा जण, पाच शहरासाठी, पाच पिराइअस बंदरासाठी, चिठ्ठीने. मैला वाहणाऱ्यांनी तो तटबंदीपासून ठरलेल्या अंतराच्या आत टाकू नये हे त्यांनी बघायचं. मेजवान्यांत बासरी वाजवणाऱ्या मुलींचा दर दोन द्राख्मांच्या, म्हणजे चांदीच्या दोन नाण्यांच्या, वर जाऊ नये हेही त्यांच्याचकडे, आणि एकाच मुलीला दोघांकडून बोलावणं आलं तर तिथेही चिठ्ठी! बाजारातली वजनंमापं तपासणारे चिठ्ठीने. सातूच्या भावाच्या मानाने पीठ आणि गव्हाच्या भावाच्या मानाने पाव विकला जातोय ना हे पाहणारे, तेही चिठ्ठीने. तुरुंग सांभाळणारे अकरा जणसुद्धा.

सर्वांच्या वर पाचशे जणांचं मंडळ. क्लेइस्थेनिसने इ.स.पू. ५०८-५०७ च्या सुमारास जुने कुळांचे गट मोडून गावनिहाय दहा नवे गट पाडले. पुढे प्रत्येक गटाने चिठ्ठीने पन्नास माणसं धाडायची, मुदत एक वर्ष, जन्मात दोनदाच. वर्षाचे दहा भाग, प्रत्येक भागात एका गटाचे पन्नास जण आळीपाळीने मुख्य कारभारी. त्या पन्नासांतून रोज एकाची चिठ्ठी निघे. तो एक दिवस आणि एक रात्र सबंध अथेन्सचा प्रमुख. खजिना आणि दप्तर ज्या देवळांत असे त्यांच्या किल्ल्या आणि राज्याचा शिक्का त्याच्या ताब्यात. दुसऱ्या दिवशी दुसरा, तोच माणूस पुन्हा चालत नसे. पूर्ण नागरिक असलेले पुरुष साधारण तीस हजार होते असा अंदाज आहे. आता हिशेब करा, वर्षाला साडेतीनशेहून जास्त माणसं या खुर्चीवर एकेक दिवस बसून जात. आपल्या आळीतला चांभार एकदा राष्ट्रप्रमुख होऊन गेलाय आणि आता पुन्हा टाचा शिवतोय, असलं दृश्य तिथे नवलाचं नव्हतं.

चिठ्ठी निघाली म्हणून थेट खुर्चीत बसवत नसत. आधी पंचांसमोर चौकशी. आईवडिलांना नीट वागवतोस का? घराण्याची थडगी कुठे आहेत? कर भरलेस का? बोलावणं आल्यावर लढायला गेलास का? शिक्षण किती, अनुभव किती, हे त्या यादीत नाही. मुदत संपल्यावर हिशेबतपासणी. पैसा न् पैसा दाखवायचा, आणि कुणाही नागरिकाला तक्रार करायची मुभा.

मात्र अथेन्सकर भाबडे नव्हते. सैन्याचे दहा सेनापती ते हात वर करून निवडत, पुन्हा पुन्हाही निवडत. पेरिक्लीस सलग पंधरा वर्षं निवडून आला तो असाच. आणखी एक पद मतांनीच भरलं जाई, ते म्हणजे झरे-हौदांवर देखरेख करणाऱ्याचं. लढाई आणि पाणी नशिबावर सोडायचं नाही. दुष्काळी भागातल्या मराठी वाचकाला हे कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

अर्थात तीस हजारांचा हा आकडा ऐकताना बाकीचे विसरता येत नाहीत. अ‍ॅटिकाची, म्हणजे अथेन्स आणि भोवतालच्या मुलखाची, एकूण वस्ती अडीच-तीन लाखांच्या घरात असावी असं अभ्यासक धरतात. बायका मताबाहेर. बाहेरून येऊन पिढ्यान् पिढ्या राहिलेले मेटिक मताबाहेर. आणि गुलाम. लॉरिअनच्या खाणींत चांदी खणणारे गुलाम, सगळ्या नागरिकांच्या सभेत शिस्त राखणारे गुलाम, सरकारी कागद सांभाळणारेही गुलाम. गरीब नागरिकाला सभेत बसायला सवड मिळे, त्यामागे ही मेहनत होती. इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लीसनेच कायदा करवून घेतला, की आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच पोरगं नागरिक. सामाईक जमिनीचे वाटेकरी कोण, हे भाऊ एकदा ठरवून मोकळे झाले होते.

मतदान त्यांना येत नव्हतं असं नाही, पण त्याची मजा एका खास कामासाठी राखलेली. वर्षातून एकदा सभा विचारी, यंदा कुणाला हद्दपार करायचंय का? हो म्हटलं तर दोनेक महिन्यांनी मतदान. फुटक्या मडक्याच्या खापरीवर नाव कोरायचं. सहा हजार खापऱ्या जमल्या आणि एखाद्याचं नाव सर्वांत जास्त वेळा आलं, तर तो दहा वर्षं शहराबाहेर. गुन्हा लागत नसे, जमीनजुमला जप्त होत नसे. फार मोठा होऊ लागला, एवढं कारण पुरे. ॲक्रोपोलिस या किल्ल्याच्या टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका जुन्या विहिरीत अशा १९० खापऱ्या एकगठ्ठा सापडल्या. सगळ्यांवर नाव एकच, थेमिस्टोक्लीस, अथेन्सचा बडा सेनापती आणि पुढारी. अक्षर तपासलं तर ते जेमतेम चौदा हातांचं. म्हणजे विरोधकांनी आधीच नावं कोरून घेऊन वाटायला ठेवलेली! त्या दिवशी त्या वाटून झाल्या नाहीत म्हणून आपल्या हाती लागल्या. निवडणुकीची स्लिप घरपोच करणारे आपले कार्यकर्ते एवढ्या जुन्या घराण्यातले आहेत.

आता कसबवाल्यांची बाजू. त्यांचा सगळ्यात जुना टोमणा सॉक्रेटिसच्या नावावर आहे. अधिकाऱ्यांची सोडत पूर्वी पावट्यासारख्या दाण्यांनी काढत, म्हणून ग्रीक भाषेत 'दाण्याने नेमलेला' म्हणजे चिठ्ठीने नेमलेला. सॉक्रेटिसवर आरोप करणारा म्हणे, की हा पोरांना शिकवतो: जहाजाचा सुकाणूधारी, सुतार किंवा बासरीवाला कुणी दाण्याने ठरवत नाही, आणि त्यांच्या चुकीने होणारं नुकसान तर राज्यकर्त्याच्या चुकीपुढे काहीच नाही, मग राज्यकर्तेच तेवढे दाण्याने कसे ठरवता? ही हकिगत सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफोन याने दिलीय. प्रश्न बिनतोड वाटतो. व्हॉट्सॲपवर आजही तो दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच: चपराशाला दहावी पास लागते, मग मंत्र्याला का नाही?

याचं उत्तर प्रोटॅगोरस या फिरत्या शिक्षकाने दिलंय. गंमत अशी, की ते आपल्यापर्यंत पोचलं ते प्लेटोने, म्हणजे विरोधी पक्षानेच, नीट लिहून ठेवल्यामुळे. प्रोटॅगोरस म्हणतो, अथेन्सची सभा बघा. जहाज बांधायचा विषय असेल तर ती जहाज बांधणाऱ्यांना बोलावते, आणि ज्याला त्यातलं कळत नाही असा कुणी उठला, मग तो कितीही देखणा, श्रीमंत, खानदानी असो, त्याची हुर्यो उडवून खाली बसवते. पण शहराने काय करावं हा विषय निघाला की लोहार उठतो, चांभार उठतो, व्यापारी उठतो, गरीब-श्रीमंत कुणीही उठतो, आणि तू हे कुठे शिकलास असं कुणी विचारत नाही. का? प्रोटॅगोरस गोष्ट सांगतो. माणसं एकत्र राहू लागली आणि एकमेकांच्या जिवावर उठली, तेव्हा देवांचा राजा झ्यूस याने आपला दूत हर्मीस याच्या हाती दोन गोष्टी धाडल्या, लाज आणि न्यायबुद्धी. हर्मीसने विचारलं, कसबं वाटलीत तशाच वाटू का, शंभरांत एक वैद्य, तसा? झ्यूस म्हणाला, नाही, सगळ्यांना द्यायच्या, नाहीतर शहरं टिकणार नाहीत. मला हे उत्तर सॉक्रेटिसच्या प्रश्नापेक्षा खोल वाटतं. पूल कसा बांधायचा हे इंजिनिअरला कळतं. पूल कुठे हवा आणि त्यापायी कुणाचं घर जाणार, हा प्रश्न इंजिनिअरिंगचा नसतो.

पण अशा सभेच्या हातून काय होऊ शकतं? इ.स.पू. ४२८ मध्ये लेस्बोस बेटावरच्या मिटिलीन या शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं आणि पुढच्या वर्षी ते मोडलं गेलं. चिडलेल्या सभेने ठराव केला: सगळे प्रौढ पुरुष मारा, बायका-पोरं गुलाम करून विका. हुकूम घेऊन जहाज निघालंही. रात्र उलटली आणि लोकांना झोंबू लागलं, की आपण हे काय केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा. क्लिऑन नावाचा पुढारी कडाडला, की लोकशाहीला साम्राज्य सांभाळता येत नाही हे मी नेहमीच म्हणतो, रोज मत बदलणाऱ्यांचं कोण ऐकेल? डायोडोटस उठला आणि दयेबद्दल चकार शब्द न काढता शुद्ध फायद्याची भाषा बोलला: सरसकट मारलंत तर पुढचं बंडखोर शहर शरणच येणार नाही, मरेपर्यंत लढेल. हात वर झाले, जवळजवळ निम्मे-निम्मे. डायोडोटस जेमतेम जिंकला.

लगेच दुसरं जहाज सोडलं. पहिलं एक दिवस आणि एक रात्र पुढे. वल्हेकऱ्यांनी हात न थांबवता दारू आणि तेलात कालवलेलं सातूचं पीठ खाल्लं, पाळीपाळीने झोपले. पहिलं जहाज रमतगमत चाललं होतं, असल्या कामाची घाई कुणाला असते? दुसरं पोचलं तेव्हा सेनापती हुकूम वाचून तयारीला लागला होता. शहर थोडक्यात वाचलं. थ्युसिडिडीस या इतिहासकाराने हे सगळं लिहिलंय, आणि लोकशाहीवर टीका करू इच्छिणारे पहिलं जहाज दाखवतात, बाजू घेणारे दुसरं. दोन्ही बाजू तिसरी गोष्ट सहसा गाळतात: बंडाचे सूत्रधार म्हणून अथेन्सला आणलेल्यांना मात्र क्लिऑनच्याच सूचनेवरून मारलं गेलं.

प्लेटो हे ऐकतच वाढला. त्याच्या तरुणपणी अथेन्स स्पार्टाशी युद्ध हरलं आणि इ.स.पू. ४०४ मध्ये तीस जणांची हुकूमत आली. म्होरक्या क्रिटियस, प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ. हे झालं शहाण्यासुरत्या, शिकल्यासवरल्या घरातल्यांचं राज्य. काही महिन्यांत त्यांनी पंधराशे माणसं मारली. त्यांनी सॉक्रेटिसला आणखी चौघांबरोबर लिऑन नावाच्या एका निरपराध माणसाला धरून आणायला धाडलं. चौघं गेले, सॉक्रेटिस सरळ घरी निघून गेला. मग लोकशाही परतली, तिने बहुतेकांना माफी दिली, आणि इ.स.पू. ३९९ मध्ये याच सॉक्रेटिसला चिठ्ठीने निवडलेल्या पंचांनी मृत्युदंड दिला. तीस मतं फिरली असती तर सुटलो असतो, असं प्लेटोचा सॉक्रेटिस म्हणतो. प्लेटोला लोकशाहीचा राग का, याचं उत्तर निम्मं तरी इथे आहे. पण मूठभरांच्या सत्तेवरचाही त्याचा विश्वास उडालाच असणार, आणि हे लोक कमी सांगतात.

'रिपब्लिक'मधलं त्याचं जहाज प्रसिद्ध आहे. जहाजाचा मालक धिप्पाड, बळकट, पण थोडा बहिरा, थोडं कमी दिसणारा, दर्यावर्दी ज्ञानही तेवढंच. हा मालक म्हणजे जनता. खलाशी त्याच्याभोवती सुकाणूसाठी भांडतात, त्याला दारू पाजून झिंगवतात आणि कोठारावर ताव मारत निघतात. ज्याला खरोखर वारे आणि तारे कळतात त्याला ते आभाळाकडे बघणारा बडबड्या म्हणून हसतात. उपाय प्लेटोने सांगितला तो तत्त्वज्ञ राजाचा. उपाय कुणाला फारसा पटला नाही. सिराक्यूजच्या जुलमी राजाला वळण लावायला प्लेटो स्वतः गेला, तिथे त्याच्याच जिवावर बेतायची वेळ आली.

उपायापेक्षा त्याचं निदान जास्त टिकलं. आठव्या भागात तो सांगतो, की एक राज्यप्रकार दुसऱ्यात कसा सडत जातो. लोकशाहीचं वर्णन करताना त्याच्या पोटातली जळजळ आणि नजरेतली मजा दोन्ही दिसतात: रंगीबेरंगी अंगरख्यासारखं देखणं राज्य, जिथे बाप पोराला भितो, गुरू शिष्याची हांजी हांजी करतो, आणि गाढवंसुद्धा इतकी स्वतंत्र, की भर रस्त्यात बाजूला न होता माणसाला धडक देतात. मग लोक आपल्यासाठी एक कैवारी उभा करतात. कैवाऱ्याची पहिली मागणी ठरलेली असते: माझ्या जिवाला धोका आहे, मला अंगरक्षक द्या. हे कल्पनेतलं नव्हतं. त्याआधी पावणेदोनशे वर्षं पिसिस्ट्रॅटस नावाच्या गृहस्थाने स्वतःला आणि आपल्या खेचरांना जखमा करून घेतल्या, गाडी चौकात हाकली, वैऱ्यांनी हल्ला केला म्हणून ओरडा केला आणि सभेकडून सोटेवाले रक्षक मिळवले. त्याच सोटेवाल्यांना घेऊन त्याने ॲक्रोपोलिस ताब्यात घेतलं.

ॲरिस्टॉटल प्लेटोचा शिष्य, पण स्वभाव वेगळा, वैद्याच्या मुलाचा. आधी नमुने गोळा करा, मग बोला. त्याच्या शाळेने १५८ राज्यांच्या घटना जमवल्या. आपला तो प्रसिद्ध तक्ता त्याचाच: राज्य किती जण करतात आणि ते कुणाच्या भल्यासाठी. पण तक्ता मांडून तो पुढच्याच पानावर त्याला टाचणी लावतो. समजा एखाद्या शहरात श्रीमंतच जास्त आहेत आणि बहुसंख्येने तेच राज्य करतात, तर तिला लोकशाही म्हणाल का? तो म्हणतो, नाही. खरा फरक डोकी मोजून कळत नाही. लोकशाही म्हणजे गरिबांचं राज्य, आणि मूठभरांची सत्ता म्हणजे श्रीमंतांचं. गरीब जास्त असतात आणि श्रीमंत थोडे, हा केवळ सगळीकडे दिसणारा योगायोग. परीक्षेच्या गाईडमध्ये तक्ता असतो, हा परिच्छेद नसतो.

कसब-वाट्याच्या भांडणात तो मधली वाट काढतो, आणि ती स्वयंपाकघरातून जाते. सगळ्यांनी थोडं थोडं आणून केलेली पंगत एकाच यजमानाच्या जेवणापेक्षा सरस होऊ शकते, तसं एकेकटी साधारण असलेली माणसं एकत्र बसली की एका शहाण्यापेक्षा बरा निर्णय घेऊ शकतात. आणि काही कामांचा न्याय करणाऱ्यापेक्षा वापरणाऱ्यालाच जास्त कळतो. घर कसं झालंय ते गवंड्यापेक्षा राहणारा सांगेल, जेवण कसं झालंय ते आचाऱ्यापेक्षा जेवणारा. मोठी पदं जाणत्यांकडे असू देत, पण त्यांना निवडायचं आणि त्यांचा हिशेब मागायचा तो जेवणाऱ्यांनी. शेवटी त्याचा ओढा मिश्र व्यवस्थेकडे, थोडी चिठ्ठी, थोडं मत, आणि ना फार गरीब ना फार श्रीमंत अशा मधल्या लोकांचा भरणा. हाच ॲरिस्टॉटल काही माणसं जन्मतःच गुलाम असतात असंही शांतपणे लिहितो, तेही नजरेआड करता येत नाही.

तो स्वतः अथेन्समध्ये मेटिक होता. स्टागिराचा, म्हणजे परका. जगाला लोकशाहीचे प्रकार समजावणाऱ्या या माणसाला त्या शहरात ना मत होतं ना त्याची चिठ्ठी निघू शकत होती. इ.स.पू. ३२२ मध्ये तो वारला. त्याच वर्षी मॅसिडोनियाच्या अँटिपाटरने अथेन्सला नमवून फर्मान काढलं, की दोन हजार द्राख्मांची मालमत्ता असेल त्यालाच नागरिकाचे हक्क. नऊ हजारांच्या आसपास उरले, बाकी हजारोंचा वाटा एका झटक्यात गेला.

मिश्र व्यवस्थेची कल्पना मग पॉलिबियस या इतिहासकाराने उचलली. तो ग्रीक, पण रोममध्ये ओलीस म्हणून राहिलेला. लोखंडाला आतून गंज, लाकडाला आतून वाळवी, तशी प्रत्येक शुद्ध राज्यपद्धतीला तिची स्वतःची कीड लागते, म्हणून रोमने तिन्ही मिसळल्या, असं त्याचं म्हणणं. अठराव्या शतकात युरोप-अमेरिकेत नव्या घटना लिहिणाऱ्यांना हे फार आवडलं. चिठ्ठी आणि मत यांतला जुना फरक त्यांना माहीत होता. मॉन्टेस्क्यू या फ्रेंच विचारवंताने १७४८ सालीही तो जसाच्या तसा सांगितलाय. त्यांनी समजून-उमजून मत घेतलं आणि चिठ्ठी टाकून दिली. पुढे कधीतरी मतालाच लोकशाही म्हणायची पद्धत पडली.

या सगळ्या वादाची आपल्यापर्यंत पोचलेली पहिली सविस्तर नोंद ग्रीक इतिहासकार हेरोडोटसची. खरं तर सुरुवात तिथून करायला हवी होती. प्रसंग पर्शियातला, इ.स.पू. ५२२ च्या सुमाराचा. गादी बळकावणाऱ्या एका तोतयाला सात सरदारांनी मारलंय आणि आता पुढे काय, यावर खल चाललाय. ओटानीस म्हणतो, एकाची सत्ता नको, ती भल्या माणसालाही बिघडवते. पदं चिठ्ठीने द्या, प्रत्येकाकडून हिशेब घ्या, निर्णय सगळ्यांत करा. मेगाबायझस म्हणतो, जमाव म्हणजे पावसाळी ओढा, बुद्धी नाही, नुसता लोंढा. निवडक चांगल्यांकडे सत्ता द्या, आणि त्यांत आपण आहोतच. दारियस म्हणतो, दोन्ही वाटा शेवटी एकाच्याच राज्याकडे येतात, मग आधीच राजा का नको? उरलेल्या चौघांनी दारियसला कौल दिला. पर्शियन सरदार असं काही बोलले असतील यावर ग्रीकांचाच विश्वास बसेना, तरी हेरोडोटस ठासून सांगतो, की बोलले.

मग राजा कोण? ठरलं असं, की पहाटे सहाही जणांनी घोड्यावर बसायचं, सूर्य उगवताना ज्याचा घोडा आधी खिंकाळेल तो राजा. म्हणजे राजेशाहीही शेवटी सोडतीवरच आली. दारियसच्या मोतद्दाराने आदल्या रात्री त्याच्या घोड्याची आवडती घोडी त्या जागी नेऊन बांधली होती, त्यामुळे सोडतीचा निकाल पहाटेआधीच लागला होता.

घोडे सहाच होते, कारण ओटानीस या शर्यतीत उतरलाच नाही. तो म्हणाला, मला राज्य करायचं नाही आणि कुणी माझ्यावर केलेलंही नको. माझ्या वंशावर तुमच्यापैकी कुणाची सत्ता चालणार नाही, एवढं कबूल करा, मी बाजूला होतो. सगळ्यांनी ते कबूल केलं. हेरोडोटस लिहितो, की आजही पर्शियात ते एकच घराणं मोकळं आहे, देशाचा कायदा पाळतं आणि हुकूम स्वतःला पटेल तेवढाच मानतं. सहा प्रकारांच्या तक्त्यात हे घराणं कुठल्या चौकटीत बसवायचं, ते ॲरिस्टॉटलने सांगितलेलं नाही.